सांधे जखडणे (अँकिलोसिस)

सांधे जखडणे म्हणजे सांध्याची स्वाभाविक हालचाल कायमची कमी होणे, किंवा सांध्यातील हाडे एकमेकांस जुळून ती पूर्णपणे थांबणे होय. वैद्यकात या अवस्थेस अँकिलोसिस म्हणतात. या संज्ञेचे मूळ ‘वाकलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात असून ते समर्पक आहे. कारण दुखणारा सांधा माणूस वाकवून ठेवतो आणि बहुधा त्याच स्थितीत तो जखडतो. अँकिलोसिस हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या रोगांचा अंतिम परिणाम आहे. त्यांपैकी काही रोग जंतूंमुळे, काही शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडामुळे, तर काही पिण्याच्या पाण्यामुळे होतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याच्या काही गावांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले असल्याने हा शेवटचा प्रकार तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

स्वरूप

निरोगी सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये वंगणासारखा द्रव असतो आणि भोवती आवरण व अस्थिबंध असतात. कूर्चा नष्ट झाली की उघड्या पडलेल्या हाडांमध्ये प्रथम तंतुमय ऊती वाढते. या अवस्थेस तंतुमय अँकिलोसिस म्हणतात. यात थोडी, पण वेदनायुक्त हालचाल शिल्लक राहते. पुढे त्या जागी हाड तयार झाले तर अस्थिमय अँकिलोसिस होतो. यात हालचाल शून्यावर येते, परंतु वेदनाही बहुधा थांबते. म्हणूनच दुखणे थांबले याचा अर्थ सांधा बरा झाला असा घेता येत नाही.

सांध्याचा आतील भाग शाबूत असताना केवळ बाहेरील त्वचा, स्नायू किंवा अस्थिबंध आखडल्यामुळे सांधा हलेनासा झाला, तर त्यास मिथ्या अँकिलोसिस म्हणतात. भाजल्यानंतर त्वचा ओढली जाऊन कोपर न उघडणे हे त्याचे परिचित उदाहरण होय. गुटखा व सुपारीच्या सेवनाने गालांच्या आतील अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते, तेव्हाही जबड्याचा सांधा बहुधा निर्दोष असतो.

कारणे

सांध्यात पू झाल्यास कूर्चा झपाट्याने नष्ट होते व हाडे जुळतात. क्षयरोगाने नितंब, गुडघा इत्यादी सांधे बहुधा तंतुमय रीतीने, तर मणके अस्थिमय रीतीने जखडतात. संधिवाताभ आमवातात मनगटाचे व बोटांचे सांधे आखडतात. लहानपणी हनुवटीवर पडल्याने जबड्याच्या सांध्यास इजा झाली आणि ती दुर्लक्षित राहिली, तर तो सांधा जुळून चेहऱ्याची वाढही खुंटते. हाड मोडल्यानंतर प्लास्टर फार काळ ठेवणे व नंतर व्यायाम न करणे हे अगदी साधे, पण वारंवार आढळणारे कारण आहे.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या रोगात त्रिकास्थी व श्रोणी यांमधील सांध्यापासून आरंभ होऊन पाठीचा कणा क्रमाने जखडतो. क्ष-किरण चित्रात तो पेरांच्या बांबूसारखा दिसतो. हा रोग सामान्यतः तरुण वयात सुरू होतो. पहाटे पाठ ताठ असणे आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने मोकळे वाटणे ही त्याची खूण आहे. एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी त्याचा असलेला निकटचा संबंध 1973 मध्ये उघडकीस आला.

अस्थि-फ्लोरोसिस

फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांस उपकारक असते. अधिक प्रमाणात ते हाडांत साठते. हाडातील खनिजात हायड्रॉक्सिल गटाची जागा फ्लोराइड घेते, हाड तयार करणाऱ्या पेशी उत्तेजित होतात आणि हाड घट्ट, जड, तरीही ठिसूळ बनते. सांध्यांच्या दृष्टीने अधिक घातक बाब अशी की अस्थिबंध, कंडरा व स्नायू जेथे हाडास चिकटतात तेथे चुना साठतो. सांध्याच्या पृष्ठभागाचा नाश न होताही तो बाहेरून हाडाने बांधला जातो. प्रथम मान व कंबर, नंतर नितंब व गुडघे आखडतात. मणक्यांतील पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जू दाबला गेल्यास पायांतील शक्ती जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाण्यातील फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक 10500 नुसार ते 1 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. 3 ते 6 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी अनेक वर्षे प्याल्यास हाडांत बदल दिसू लागतात. मात्र हे आकडे सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत. उन्हात शेतावर वा जंगलात राबणारा माणूस दिवसाला कितीतरी अधिक पाणी पितो, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर तेवढ्याच फ्लोराइडाचा परिणाम तीव्र होतो.

भारतात मानवी अस्थि-फ्लोरोसिसचे पहिले सविस्तर वर्णन 1937 मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाले. पुढे नलगोंडा जिल्हा या विकाराच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र बनला. तेथील मुलांमध्ये गुडघे आत वळण्याची विकृती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 1973 मध्ये नोंदवली. ज्वारी हे मुख्य अन्न असण्याशीही तिचा संबंध जोडण्यात आला. ज्वारीवर जगणाऱ्या मराठवाड्यात हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही, मात्र मूळ दोष पाण्याचा आहे, भाकरीचा नव्हे.

किनवट परिसर

किनवट तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या काठचा हा वनप्रदेश असून येथे गोंड, कोलाम, आंध, परधान व बंजारा समाजांची वस्ती आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बसाल्ट खडकाचा असला, तरी जिल्ह्याच्या या टोकाला ग्रॅनाइट व तत्सम प्राचीन खडक आढळतात. ग्रॅनाइटमधील फ्लोराइट, ॲपेटाइट, बायोटाइट यांसारख्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. पाणी खडकात जितका अधिक काळ राहील, जितके क्षारधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम जितके कमी असेल, तितके हे प्रमाण वाढते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागातही हीच समस्या आहे.

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी व हातपंप सर्वत्र पोहोचले. त्यामुळे गढूळ पाण्यातून होणाऱ्या रोगांपासून गावांचे रक्षण झाले, हे मान्य करावे लागते. परंतु ग्रॅनाइटच्या प्रदेशात उथळ आड-विहिरीऐवजी खोल खडकातील पाणी नित्याचे झाले. या पाण्याला रंग नाही, वास नाही, वेगळी चवही नाही. ते नितळ असते, आणि नितळ पाणी चांगले हा अनुभवाने आलेला समज येथे घातक ठरतो.

ओळख व निदान

दात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतील वयात, असे पाणी प्याल्यास दातांवर पांढरे, पिवळे वा तपकिरी आडवे पट्टे उमटतात. ब्रशाने ते जात नाहीत. शाळेतील मुलांचे दात हीच गावाच्या पाण्याची पहिली सूचना असते. याला एक अपवाद ध्यानात ठेवावा: चांगल्या पाण्याच्या गावातून लग्न होऊन आलेल्या स्त्रीचे दात स्वच्छ असतात, तरी तिची हाडे सुरक्षित असतीलच असे नाही.

प्राथमिक तपासणीसाठी तीन सोप्या कृती सुचवल्या जातात. गुडघे न वाकवता जमिनीवरील नाणे उचलणे, हनुवटी छातीला टेकवणे आणि हात वर नेऊन डोक्याच्या मागच्या भागास लावणे. या करताना अडचण आली म्हणजे फ्लोरोसिस असतोच असे नव्हे. पाण्याची व मूत्राची फ्लोराइड-तपासणी आणि क्ष-किरण चित्र आवश्यक असते. कोपर ते मनगट या भागातील दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला दिसणे हे महत्त्वाचे लक्षण होय. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्येही कणा जखडतो, पण हाड विरळ होते. फ्लोरोसिसमध्ये ते दाट होते.

प्रत्यक्षात ‘वात आहे’ असे म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर वर्षे काढली जातात. अशा गोळ्यांचा अतिरेक मूत्रपिंडास अपायकारक असतो, आणि शरीरातील फ्लोराइड बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात. त्यामुळे चुकीचे निदान येथे केवळ निरुपयोगी नसून हानिकारकही आहे. किनवटलगतच्या गोकुंदा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे; नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे.

उपचार

अँकिलोसिसचा उपचार कारणावर अवलंबून असतो. मिथ्या प्रकारात व्यायाम व शस्त्रक्रिया यांनी हालचाल परत मिळू शकते. नितंबाचा जखडलेला सांधा बदलता येतो. जबड्याच्या सांध्यातील जुळलेले हाड काढता येते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये नियमित व्यायाम व औषधे यांनी दाह आटोक्यात ठेवता येतो. काही वेळा शल्यविशारद वेदना थांबवण्यासाठी निकामी सांधा मुद्दाम योग्य कोनात जुळवून टाकतात. चालण्यास सोयीच्या स्थितीत जुळलेला गुडघा वाकड्या व दुखऱ्या गुडघ्यापेक्षा बरा, हा त्यामागील विचार होय.

अस्थि-फ्लोरोसिसमध्ये जुळलेले सांधे मोकळे करणारे औषध नाही. मज्जारज्जूवरील दाब शस्त्रक्रियेने कमी करता येतो, परंतु ती अवघड असते. पाणी वेळीच बदलले तर आरंभीची वेदना व ताठरपणा कमी होऊ शकतो. दूध, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, आवळा यांचा आहारात समावेश आणि काळा चहा व काळे मीठ टाळणे असा सल्ला दिला जातो. चिंचेच्या सेवनाने मुलांच्या मूत्रातून अधिक फ्लोराइड बाहेर पडल्याचे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2002 मधील एका छोट्या अभ्यासात दिसले. परंतु चिंच हा शुद्ध पाण्याला पर्याय नव्हे.

प्रतिबंध

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) 1970 च्या दशकात विकसित केलेल्या ‘नलगोंडा पद्धती’त पाण्यात चुना व तुरटी मिसळून, ढवळून, गाळ बसू देतात व वरचे पाणी वापरतात. ती स्वस्त आहे, पण तुरटीचे प्रमाण पाण्यागणिक बदलावे लागते. सक्रिय ॲल्युमिनाचे गाळे ठरावीक काळाने पुन्हा कार्यक्षम करावे लागतात, तर आरओ यंत्रास वीज व देखभाल लागते. यंत्र बंद पडले की लोक जवळच्या हातपंपाकडेच वळतात. म्हणून नदी वा तलावाचे पाणी नळाने आणणे, पावसाचे पाणी साठवणे आणि स्वयंपाक व पिण्यासाठी वेगळा सुरक्षित स्रोत राखणे हे उपाय अधिक टिकाऊ समजले जातात.

केंद्र शासनाने 2008-09 मध्ये राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. गावातील सर्व स्रोत सारखेच दूषित नसतात. शंभर-दोनशे मीटरवरील दुसऱ्या विहिरीचे पाणी निर्दोष असू शकते. त्यामुळे प्रत्येक हातपंपाची स्वतंत्र तपासणी करून दूषित पंपावर लाल खूण करणे उपयुक्त ठरते. भूजलपातळीनुसार फ्लोराइडचे प्रमाण बदलत असल्याने ही तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा व्हावी लागते.