आयटीएसएम टूल क्लाऊडवर घ्यावं की स्वतःच्या सर्व्हरवर? निवडण्याआधी हे समजून घ्या

ऑफिसचा लॅपटॉप बंद पडला, पासवर्ड आठवत नाही, व्हीपीएन चालत नाही. आयटी टीमकडून उत्तर एकच येतं, 'तिकीट टाका.' हे तिकीट ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं जातं, त्याला आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट टूल म्हणजेच आयटीएसएम टूल म्हणतात. कुणाची तक्रार कुणाकडे आहे, कुठला संगणक कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरमध्ये कोणता बदल कधी झाला, ही सगळी नोंद त्यात असते.

पण हे टूलच गायब झालं तर? २०२२ मध्ये नेमकं हेच घडलं होतं.

अ‍ॅटलासियनच्या बाबतीत काय घडलं?

जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट हे लोकप्रिय टूल ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या अ‍ॅटलासियन या कंपनीचं आहे. ५ एप्रिल २०२२ रोजी कंपनीला ग्राहकांच्या खात्यांमधून एक जुनं अ‍ॅप काढून टाकायचं होतं. त्यासाठी तयार केलेल्या यादीत अ‍ॅपचे आयडी हवे होते. दोन टीममधल्या गैरसमजामुळे गेले ते ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे आयडी.

भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ८ मिनिटांनी स्क्रिप्ट सुरू झाली. पुढच्या २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट डिलीट झाल्या. काही ग्राहकांना त्या परत मिळेपर्यंत १४ दिवस लागले.

गंमत म्हणजे, साइटबरोबर ग्राहकांची संपर्क माहितीही गेली होती. त्यामुळे अनेकांना कंपनीकडे नेहमीच्या पद्धतीने तक्रारही करता येत नव्हती.

बॅकअप होता, मग इतके दिवस का लागले?

या घटनेतला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे आहे. अ‍ॅटलासियनकडे बॅकअप होता. पण एकाच डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांचा डेटा एकत्र असतो. पूर्ण डेटाबेस मागे नेला असता तर ज्यांच्या साइट व्यवस्थित चालू होत्या, त्यांचं ताजं काम पुसलं गेलं असतं. म्हणून एकेका ग्राहकाचा डेटा वेगळा काढून बसवावा लागला. त्यासाठी आपोआप चालणारी व्यवस्था तयारच नव्हती.

म्हणजे 'आमच्याकडे बॅकअप आहे' हे अर्धंच उत्तर झालं. 'फक्त आमचा डेटा किती वेळात परत आणता येईल?' हा खरा प्रश्न.

मग स्वतःचा सर्व्हर जास्त सुरक्षित का?

तसंही नाही. मॅनेजइंजिनचं सर्व्हिसडेस्क प्लस हे टूल क्लाऊडवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर, दोन्ही प्रकारे मिळतं. सर्व्हरवर चालणाऱ्या त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये २०२१ साली गंभीर त्रुटी सापडली. सप्टेंबरमध्ये दुरुस्ती आली, पण अनेकांनी ती वेळेत बसवली नाही. हॅकर त्याच वाटेने आत शिरत असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा या संस्थांना डिसेंबरमध्ये द्यावा लागला.

थोडक्यात, क्लाऊडवर दुसऱ्याची चूक तुम्हाला भोवते आणि स्वतःच्या सर्व्हरवर तुमचा आळस. अपडेट, बॅकअप आणि सुरक्षा पाहायला कायमचा माणूस नसेल, तर छोट्या कंपनीला क्लाऊडच परवडतो. असा माणूस असेल आणि डेटा बाहेर जाऊ द्यायचा नसेल, तर स्वतःचा सर्व्हर किंवा जीएलपीआयसारखं मुक्त स्रोत टूल हा पर्याय आहे.

करार करण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत?

* डेटा किती वेळात परत येईल आणि किती जुना असेल? पहिल्याला आरटीओ, दुसऱ्याला आरपीओ म्हणतात. दोन्ही आकडे लेखी घ्या.
* ९९.९ टक्के म्हणजे नेमकं काय? महिन्याला साधारण ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तरी हे वचन मोडत नाही. मोडलंच तर भरपाई बहुतेक वेळा बिलातल्या सवलतीच्या रूपात मिळते, बुडालेल्या धंद्याची नाही.
* डेटा बाहेर काढता येतो का? तिकिटं, जोडलेल्या फाइल आणि मालमत्तेची यादी नेहमीच्या फॉरमॅटमध्ये डाउनलोड करून पाहा. चाचणीच्या काळातच हे करा.
* डेटा कुठे राहतो? अ‍ॅमेझॉनची मुंबईत, तर मायक्रोसॉफ्टची पुण्यात डेटा सेंटर आहेत. पण तुमचं टूल तीच वापरतं असं गृहीत धरू नका.
* सायबर हल्ला झाला तर आम्हाला कधी कळवणार? भारतात अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवाव्या लागतात. टूल पुरवणाऱ्याने दोन दिवसांनी सांगितलं, तर तुमची पंचाईत होते.

एक प्रत दुसरीकडे ठेवण्याने काय होतं?

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाऊडवरचं खासगी क्लाऊड डिलीट झालं. ते उभारताना गुगलकडून एका सेटिंगची जागा रिकामी राहिली होती. त्यामुळे त्याला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि ती संपताच सगळं पुसलं गेलं. फंडाचे ६ लाखांहून अधिक सभासद होते. सेवा आठवडाभराहून जास्त विस्कळीत राहिली, पण डेटा परत आला. त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअपही कामी आला.

म्हणून टूल कुठलंही घ्या, महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि तो उघडतो का, ते तपासा. आयटी टीमचे आणि टूल पुरवणाऱ्या कंपनीचे फोन नंबर एका कागदावर छापून भिंतीवर लावा. तिकीट टाकायची जागाच बंद पडते, त्या दिवशी हा कागदच उपयोगी पडतो.