नोएथरच्या प्रमेयाचं कूळ

भौतिकशास्त्राच्या वर्गात नोएथरचं प्रमेय बहुतेकदा एका ओळीत उरकतात: जिथे सममिती, तिथे अक्षय्यता. आजचा प्रयोग उद्या केला तरी नियम तेच, म्हणून ऊर्जा टिकते. या गावाऐवजी त्या गावात केला तरी तेच, म्हणून संवेग टिकतो. यंत्र हव्या त्या दिशेला वळवून ठेवलं तरी तेच, म्हणून कोनीय संवेग टिकतो. इतकं सुटसुटीत ऐकलं की हे मूल भौतिकशास्त्राच्याच घरातलं वाटतं. त्याचं आजोळ मात्र बीजगणितात आहे, तेही एका अतिशय रूक्ष शाखेत.

जर्मन गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९०७ साली एर्लांगेन विद्यापीठात पाउल गोर्डान यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. विषय होता, चलांचं रूपांतर केलं तरी बहुपदींचं काय कायम राहतं. गोर्डान आकडेमोडीचे उपासक. शिष्येनेही ३३१ राशींची जंत्री मांडली आणि पुढे स्वतःच तो प्रबंध केरात काढला. ‘रूपांतरानंतर काय टिकतं?’ हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. पुढची कित्येक वर्षं त्या एर्लांगेनला बिनपगारी राबल्या.

१९१५ साली हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी त्यांना गॉटिंगेन विद्यापीठात बोलावलं, ते याच विषयातल्या जाणकार म्हणून. आइन्स्टाइनच्या नव्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात ऊर्जेचं गणित विचित्र वागत होतं. जुन्या यंत्रशास्त्रात ऊर्जेची अक्षय्यता गतीच्या समीकरणांतून निघते. इथे ती नुसती बीजगणिती नित्यसमानता होऊन बसली होती, म्हणजे पोकळच, असं क्लाइन यांना दिसलं.

नोएथर यांनी एक नव्हे, दोन प्रमेयं दिली. सममिती मोजक्या प्राचलांनी ठरत असेल, तर तितके अक्षय्यतेचे नियम मिळतात, हे पहिलं. सममितीत मोकळीक इतकी असेल की बिंदूगणिक वेगळं रूपांतर चालावं, तर मूळ समीकरणंच एकमेकांवर अवलंबून राहतात, हे दुसरं. ऊर्जेच्या नियमाचा पोकळपणा तिथून येतो. खरं कोडं दुसऱ्याने सुटलं, वर्गात शिकवतात पहिलं!

२६ जुलै १९१८ रोजी हा निबंध गॉटिंगेनच्या विज्ञान संस्थेपुढे क्लाइन यांनी मांडला, कारण नोएथर सदस्य नव्हत्या. त्यांची व्याख्यानंही तोवर हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत. स्वतःच्या नावाने शिकवायची मुभा १९१९ साली मिळाली.

मग त्या या प्रमेयांकडे फारशा फिरकल्याच नाहीत. १९२१ च्या निबंधात त्यांनी रिंगमधल्या (बेरीज-गुणाकार चालणाऱ्या संचातल्या) आयडियलांची (म्हणजे त्यातल्या खास उपसंचांची) साखळी घेतली: एकात एक सामावत वाढणारी ही साखळी कुठेतरी थांबते, एवढीच अट. घटक संख्या आहेत की बहुपदी, याच्याशी देणंघेणं नाही. माझ्या मते १९१८ ची दृष्टी हीच: वस्तू बाजूला ठेवा, त्यांच्यातलं नातं पाहा. ‘हे सगळं डेडेकिंडकडे आहेच’ असं त्या आधीच्या पिढीतल्या या गणितज्ञाचा हवाला देत म्हणत. गणितज्ञ व्हान डेर वेर्डेन यांनी १९३०-३१ मध्ये तो विचार पाठ्यपुस्तकात आणला आणि नवं बीजगणित जगभर गेलं.

१९३३ साली नाझींनी नोएथर यांना विद्यापीठातून काढलं. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात शिकवत असताना १९३५ साली त्या वारल्या. भौतिकशास्त्रज्ञांत प्रमेयाचा बोलबाला बराच उशिरा झाला, १९५१ साली भौतिकशास्त्रज्ञ हिल यांच्या लेखानंतर, आणि त्या लेखातही होतं ते पहिल्याच प्रमेयाचं आखूड रूप. मूळ निबंध इंग्रजीत यायला १९७१ साल उजाडलं.