उपवासकाळातील एक मराठी पोथी

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला वसईच्या माझ्या मैत्रिणीची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. ती नुकतीच देवळातून आली होती आणि तिच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ही राख करतात, असे तिने सांगितले. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याच्या स्मरणार्थ त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवसांचा हा उपवासकाळ.

"आमचा चातुर्मासच म्हण ना!" ती म्हणाली.

"मग पोथी कोणती लावता?" मी थट्टेने विचारले.

"होती की पोथी! आणि तीही मराठी ओव्यांची."

ती पोथी म्हणजे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण'. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी कित्येकींनी शाळेत पाठ केल्या असतील. पण ती पोथी का जन्मली, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये वारला. त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्याच्या आधीच, १५६७ साली, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्यांनाही बंदी होती. धर्म बदलला, पण सांजवेळी कथा ऐकण्याची सवय कशी बदलावी? ग्रंथारंभीच एक प्रसंग आहे. रविवारी पाद्री शिकवण देत असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि विचारतो, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या मागणीत मला मोठे दुःख दिसते.

त्या मागणीचे उत्तर सुमारे ११ हजार ओव्यांचे झाले. १६१६ साली राशोलला ग्रंथ छापला गेला. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. पहिल्या पुराणात ३६ अध्याय, दुसऱ्यात ५९. उपवासकाळात ज्याचे चिंतन करायचे, ते येशूचे दुःखसहन या दुसऱ्या पुराणात येते. रविवारी नि सणावारी मंडळी जमवून ते वाचले जाई.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण आज त्यांची एकही प्रत सापडत नाही. मग ग्रंथ वाचला कसा? हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे! अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला.

वसईहून परतल्यावर मी बंडेलूंची प्रत मिळवली. रोज थोडे वाचू लागले. भाषा जुनी, मधूनमधून कोकणी शब्द, अडखळायला होई. पण क्रुसाशी आले, तेव्हा अडखळणे थांबले. शुभवर्तमान सांगते, शिष्य पांगले तरी काही बाया तिथे उभ्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कबरीकडेही त्याच गेल्या. मराठी ओवीत ते दुःख मला परके वाटेना.

ज्यांनी त्या प्रती उतरवल्या आणि ज्यांनी जपून ठेवल्या, त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. त्यांनी फर्मानाशी भांडण केले नसेल, पोथी मात्र टाकली नाही.

भगिनींनो, चातुर्मासात आपण मंडळात हरिविजय लावतो. पुढच्या वर्षी उपवासकाळात एक दिवस वसईच्या भगिनींना बोलावून हीही पोथी उघडावी, अशी माझी सूचना आहे. पोथी मी घेऊन येईन.