भुंगेऱ्यांचीं फुलें

फूल आणि कीटक यांच्या स्नेहाचा विषय निघाला कीं आपल्या मनापुढें भ्रमर उभा राहतो, नाहीं तर मधमाशी. सायंकाळीं मिटलेल्या कमळांत कोंडला गेलेला भ्रमर संस्कृत कवींनीं इतक्या वेळां वर्णिला आहे कीं, त्याची कींव करण्याची आपणांस संवयच जडली आहे. भुंगेऱ्याच्या वांट्यास मात्र एकही श्लोक आलेला आम्हांस आठवत नाहीं. जाड कवचाचा, उडतांना अडखळणारा, फुलांत शिरला तर पाकळ्याच कुरतडणारा हा प्राणी काव्याला परका राहिला यांत नवल नाहीं. नवल हें कीं, शास्त्रानेंहि त्यास फार काळ बाहेरच्या ओसरीवरच बसविलें. आणि फुलांत रात्र काढण्याची जी गोष्ट कवींनीं भ्रमराविषयीं कल्पिली, ती भुंगेऱ्याच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे, हें नीट कळण्यास ब्राझीलचें माळरान लागलें.

या माळरानास तेथें ‘सेरादो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘बंद’ किंवा ‘दाट’ असा. पण प्रदेश पाहावा तर गवत, वांकड्या खोडांचीं खुजीं झाडें, जाड साल आणि वरचेवर लागणारे वणवे. मूळचा विस्तार सुमारें वीस लक्ष चौरस किलोमीटर. त्याचा पहिला शास्त्रीय अभ्यास एका डॅनिश तरुणानें केला. युजेन वॉर्मिंग हा १८६३ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, लागोआ सांता या खेड्यांत पीटर लुंड या पुराजीवशास्त्रज्ञाचा लेखनिक म्हणून गेला. लुंड गुहांतील हाडांत रमलेला. वॉर्मिंग तीन वर्षें रानांत हिंडला आणि १८६६ सालीं परतला. त्या तीन वर्षांचा ग्रंथ व्हावयास मात्र १८९२ साल उजाडलें! सुमारें २,६०० जातींच्या वनस्पतींची त्यांत नोंद आहे. पुढें १८९५ सालीं त्यानें वनस्पतींच्या परिसरशास्त्राचें जें आद्य पाठ्यपुस्तक लिहिलें, त्याच्या मुळाशीं हें माळरान आहे असें आम्ही समजतों. मात्र त्याची दृष्टि माती, दुष्काळ आणि वणवा यांवर खिळलेली होती. रात्रीं फुलांत कोण शिरतें, हा त्याचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न दुसरीकडून आला. पाहुण्यांवरून फुलांचे वर्ग पाडण्याची पद्धत इटालियन पंडित फेडेरिको डेल्पिनो यानें एकोणिसाव्या शतकांतच घालून दिली होती. १९१६ सालीं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लुडविग डील्स यानें चांफा, सीताफळ इत्यादींच्या गोत्रांतील ‘भुंगेरा-फुलां’वर निबंध लिहिला. मधमाश्यांच्या पुष्कळ आधीं पृथ्वीवर भुंगेरे होते. हीं गोत्रें जुनीं मानलीं जातात. तेव्हां पहिल्या फुलांचे पहिले पाहुणे भुंगेरेच, अशी ही विचारसरणी. ती इतकी सुबक होती कीं कित्येक दशकें पाठ्यपुस्तकें तीच गिरवीत राहिलीं. सुबक अनुमानाचा असा मोह आम्हां अध्यापकांस फार असतो.

प्रत्यक्ष पुरावा गोळा करण्याचें कष्टाचें काम गेरहार्ड गॉट्सबर्गर व त्यांच्या पत्नी इल्झे यांनीं केलें. सेरादोंतील रामफळ-सीताफळांच्या भाऊबंद झुडुपांजवळ त्यांनीं रात्रीं जागून काढल्या. तेथें दिसलें तें असें: फुलाच्या बाहेरील तीन जाड, मांसल पाकळ्या पूर्ण उघडतच नाहींत, आंत एक कोठडी राहते. सांजवेळीं फूल तापूं लागतें, बाहेरील हवेहून कित्येक अंशांनीं अधिक ऊन होतें, आणि पिकलेल्या फळासारखा उग्र वास सोडतें. सायक्लोसेफाला नांवाचे भुंगेरे त्या वासावर येऊन आंत शिरतात. पाकळ्यांच्या आंतील पौष्टिक भाग खातात, तेथेंच जोडीदार मिळवितात. या वेळीं फुलाचा स्त्रीभाग तयार असतो, पराग नसतो. पराग मागाहून सुटतो. मग पाकळ्या गळतात आणि परागानें माखलेले पाहुणे दुसऱ्या उबदार फुलाकडे जातात. कुरतडणें हा येथें उपद्रव नसून ठरलेली बिदागी आहे.

फूल तापतें ही गोष्ट लामार्कनें १७७८ सालींच एका सुरणवर्गीय वनस्पतींत नोंदली होती; पण उपयोग काय? फिलोडेंड्रॉन या ब्राझीलच्या वनस्पतीचा फुलोरा बाहेर कडाक्याची थंडी असतांहि आपलें तपमान चाळीस अंशांच्या आसपास राखतो, हें १९७२ सालीं दाखविलें गेलें. २००३ सालीं फ्रेंच गियानांतील प्रयोगांत दिसून आलें कीं, अशा उबदार फुलोऱ्यांत बसलेल्या भुंगेऱ्यास बाहेरच्यापेक्षां दुपटीपासून जवळजवळ पांचपटीपर्यंत कमी शक्ति खर्चावी लागते. म्हणजे ऊब हीच मेजवानी.

डील्सचें काय झालें? गॉट्सबर्गर यांनीं १९७४ सालीं प्रतिपादिलें कीं, हीं मोठीं, तापणारीं फुलें आद्य नव्हेत; तीं मागाहून झालेलें विशेष कौशल्य होय, आणि आरंभीचीं फुलें साधीं, लहानसहान कीटकांस मुक्तद्वार असावींत. १९८१ पासून स्वीडन व पुढें पोर्तुगाल येथील क्रेटेशस थरांत एल्से मारी फ्रीस यांस मिळालेलीं फुलें मिलिमीटरांत मोजावीं इतकीं लहान निघालीं. ज्यानें स्वतः भुंगेरा-फुलांस आयुष्य वाहिलें, त्यानेंच त्यांच्या आद्यत्वाचा दावा सोडावा, हें आम्हांस या इतिहासांतील सर्वांत आदरणीय पाऊल वाटतें.

आपल्याकडे या घराण्याची ओळख सीताफळापुरती. नांव सीतेचें, कूळ अमेरिकेचें! त्याच्या फुलांतहि भुंगेरेच येतात, पण अगदीं बारीक जातीचे. आणि स्त्रीभाग आधीं, पराग नंतर, हा क्रम तोच असल्यामुळें पाहुणा न आला तर फळ धरत नाहीं. म्हणून कांहीं बागाईतदार कुंचल्यानें पराग लावतात.

सेरादोची मात्र निम्म्याच्या आसपास मूळ वनस्पति एव्हांना नाहींशी झाली आहे. १९६० सालीं ब्राझिलिया राजधानी झाल्यापासून रस्ते गेले, मागोमाग गुरांचीं कुरणें आणि सोयाबीन. वॉर्मिंगचें लागोआ सांता आतां बेलो ओरिझोंती महानगराच्या कडेस आहे. फुलें राखलीं म्हणजे भुंगेरे राहतील असें समजणें अपुरें होय. आपल्या उंसाच्या शेतकऱ्यास हुमणी ठाऊक आहे. या भुंगेऱ्याची अळी त्याच हुमणीच्या गोतांतली, आणि ती रात्रभराच्या त्या उबदार कोठडींत नव्हे, महिनोन्महिने मातींत वाढते.