व्यसनमुक्तांची निवासगृहे

मद्याचे किंवा अन्य मादक द्रव्यांचे व्यसन सोडलेल्या व्यक्तींनी उपचारोत्तर काळात एकत्र राहण्यासाठी चालविलेली घरे. रुग्णालयातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा जुन्या वस्तीत, जुन्या सोबत्यांत जातो आणि बहुधा तेथेच त्याचा निश्चय ढासळतो, या अनुभवातून ही कल्पना उद्‌भवली. या घरांत सामान्यतः औषधोपचार होत नाहीत. मादक पदार्थांना पूर्ण बंदी, घरखर्चातील प्रत्येकाचा वाटा आणि सहनिवासींची सोबत यांवरच त्यांचा कारभार चालतो. त्यांचा सलग इतिहास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो.

बॉल्टिमोर येथे एप्रिल १८४० मध्ये सहा मद्यपी मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली व त्यातून वॉशिंग्टोनियन चळवळ निर्माण झाली. ही चळवळ काही वर्षांतच ओसरली. तथापि तिच्या प्रेरणेने बॉस्टन (१८५७) व शिकागो (१८६३) येथे मद्यासक्तांसाठी आश्रयगृहे निघाली. तेथे माणूस स्वेच्छेने येई व अल्पकाळ राही. याउलट, न्यूयॉर्क राज्यात बिंगम्‌टन येथे १८६४ मध्ये उघडलेल्या भव्य संस्थेत मद्यासक्ती हा रोग मानून बंदिस्त उपचारांवर भर देण्यात आला. १८७९ मध्ये त्या वास्तूचे मनोरुग्णालयात रूपांतर झाले. घर की रुग्णालय, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

अल्कोहॉलिक्स अनॉनिमस या संघटनेचा आरंभ १९३५ मध्ये अ‍ॅक्रन (ओहायओ) येथे झाला. तिचे संस्थापक बिल विल्सन (१८९५–१९७१) व डॉ. बॉब स्मिथ (१८७९–१९५०) हे दोघेही प्रारंभी मद्यपींना स्वतःच्या घरी ठेवून घेत. विल्सन पतिपत्नींच्या ब्रुकलिनमधील घरातील प्रयोग निष्फळ ठरला. यजमानाच्या औदार्यावर राहणाऱ्यांपैकी फारसे कोणी सुधारले नाही. संघटनेने १९५० मध्ये स्वीकारलेल्या परंपरांनुसार बाहेरच्या कोणत्याही संस्थेला नाव वा पैसा द्यावयाचा नाही, असे ठरले. त्यामुळे तिच्या सदस्यांनी काढलेली घरे तिच्यापासून स्वतंत्रच राहिली.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे चार्ल्स डेडरिच याने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापिलेली सिनॅनॉन ही वसाहत. हेरॉइनच्या व्यसनींना तिने प्रथम आशा दाखविली. पण सभासदाने आजन्म तेथेच राहावे अशी अपेक्षा वाढत गेली आणि संस्थेला बंदिस्त पंथाचे रूप आले. १९७८ मध्ये तिच्या सभासदांनी विरोधी वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप ठेवला. १९९१ मध्ये संस्था विसर्जित झाली. एकाच व्यक्तीच्या हाती घराची सर्व सत्ता गेल्यास काय होते, हे यावरून दिसते.

आधुनिक निवासगृहांचा खरा नमुना ऑक्सफर्ड हाउस हा होय. मेरिलंड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे एक शासकीय मध्यगृह १९७५ मध्ये बंद होणार होते. तेथील रहिवासी पॉल मलॉय व त्याचे सोबती यांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतले. पूर्वीच्या व्यवस्थेत सहा महिन्यांनी घर सोडावे लागे व गेलेले बहुतेक पुन्हा दारूकडे वळत. म्हणून त्यांनी मुक्कामाची मुदतच काढून टाकली. पगारी व्यवस्थापक ठेवला नाही. दर आठवड्याला बैठक, सहा महिन्यांनी बदलणारे पदाधिकारी, समान भाडे, नव्या रहिवाशासाठी ऐंशी टक्के मते, हे त्यांचे नियम होत. पुन्हा व्यसन करणाऱ्यास मात्र तत्काळ बाहेर काढले जाते. हा नियम कठोर खराच, आणि सर्वांत दुबळ्या क्षणी आसरा काढून घेणे कितपत न्याय्य, असा प्रश्न रास्तपणे विचारला जातो; परंतु उरलेल्यांचे घर त्याखेरीज टिकत नाही, असा रहिवाशांचा अनुभव आहे.

१९८८ च्या अंमली पदार्थविरोधी अधिनियमाने प्रत्येक राज्यास एक लक्ष डॉलरचा फिरता निधी ठेवणे बंधनकारक केले. त्यातून सहा वा अधिक जणांच्या गटास चार हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळू लागले व घरांची संख्या झपाट्याने वाढली. हे बंधन २००० मध्ये ऐच्छिक झाले. शेजाऱ्यांचा विरोध सर्वत्र होता. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्‌स शहराने परस्परांशी नाते नसलेल्या पाचांहून अधिक व्यक्तींना ‘कुटुंब’ मानण्यास नकार दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की अशी व्याख्या गृहनिवासातील भेदभावविरोधी कायद्यातून सुटत नाही. नात्याशिवायच्या कुटुंबाला लाभलेले हे महत्त्वाचे संरक्षण होय.

लेनर्ड जेसन व त्यांचे सहकारी यांनी दीडशे व्यक्तींची यदृच्छ विभागणी करून केलेले अध्ययन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर या घरांकडे पाठविलेल्यांपैकी ३१·३ टक्के, तर नेहमीची सेवा घेतलेल्यांपैकी ६४·८ टक्के व्यक्ती मादक पदार्थ घेत होत्या. गट लहान असला, तरी फरक दुर्लक्षणीय नाही.

विम्याचा पैसा या क्षेत्रात शिरल्यावर दलालीही आली. फ्लॉरिडात रहिवासी पुन्हा व्यसनाधीन होण्यातच चालकांचा लाभ, अशी विपरीत स्थिती काही ठिकाणी निर्माण झाली; पाम बीच परगण्यात २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले व २०१८ मध्ये संघराज्याने अशी दलाली गुन्हा ठरविली. अ‍ॅरिझोनात २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकारात मुख्यतः आदिवासी इंडियनांना अशा घरांत आणून न दिलेल्या उपचारांची देयके शासनाकडून उकळण्यात आली होती. ती घरे बंद पडताच अनेक जण घराघरांपासून शेकडो किमी. दूर, रस्त्यावर आले.

भारतात या प्रकारची स्वयंशासित घरे रूढ नाहीत. चेन्नईचे टी. टी. रंगनाथन केंद्र (१९८०) आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात स्थापिलेले मुक्तांगण (१९८६) ही उपचारकेंद्रे असून तेथून रुग्ण बव्हंशी आपल्या कुटुंबातच परततो. उपचारानंतरचा भार त्यामुळे पत्नी, आई वा भावंडे यांच्यावर पडतो.