तळटीप : झमझमचा डबा

१. झमझमचा डबा : मक्केत काबापासून जेमतेम २० मीटरवर असलेल्या झमझम विहिरीचे पाणी. इथे डबा म्हणजे हाजींना विमानातून आणता येणारा ५ लिटरचा प्लास्टिकचा कॅन. हाजी भिवंडीला परतले की भेटायला येणाऱ्यांपुढे मदीनेचा अजवा खजूर आणि इवल्याशा पेल्यात हे पाणी येते. अजवा काळपट, बारीक सुरकुत्यांचा, बेताचा गोड. पाणी किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून, तीन दमांत प्यायचा रिवाज. गोतावळा मोठा असला की साध्या पाण्यात थोडे झमझम ओतून पुरवठ्याला आणतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, वाटूही नये. जुलै २०१९मध्ये एअर इंडियाने जेद्दाहून येणाऱ्या काही विमानांत हे कॅन घ्यायला मनाई केली, तेव्हा एवढा गहजब उडाला की कंपनीला दिलगिरी व्यक्त करून निर्णय मागे घ्यावा लागला. काशीयात्रेहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू आणि त्यानंतरचे मावंदे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना पुढच्या परिच्छेदातली धांदल वेगळी समजावून सांगायला नको. – संपा.