वतनदार ते कॉन्ट्रॅक्टर

खरवईच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं केमिकलचे ड्रम धुतले. पहिली दोन वर्षं रोजावर होतो. मग एक दिवस ऑफिसात बोलावून साहेब म्हणाला, "आता नोकर राहू नकोस, मालक हो. ड्रममागं पैसे घे, तुझी माणसं तू आण." सही केली. वस्तीत पेढे वाटले. आईनं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉन्ट्रॅक्टर झाला होता.

मालक कसला न् काय! ड्रम कंपनीचे, पाणी कंपनीचं, दर कंपनीचा, किती वाजता गेटवर यायचं तेही कंपनीच सांगायची. माझे फक्त हात. आणि आत्याच्या पोराचे, शेजारच्या तिघांचे.

एका पावसाळ्यात ड्रमात उरलेल्या ॲसिडनं आत्याच्या पोराचा हात कोपरापर्यंत भाजला. ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, "माणूस तुझा, तू बघ." त्याच्याकडं ईएसआयचं कार्ड नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. व्याजानं पैसे काढून मी दवाखान्याचं बिल भरलं. पण तो घरी पडून होता त्या दिवसांचा रोज मी दिला नाही. "दादा, तू पण?" एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून मी जुनी कागदपत्रं चाळतोय.

हा डाव जुना आहे, दोस्तांनो. आपल्या आज्या-पणज्याला गावानं काय नाव दिलं होतं? वतनदार! केवढा भारदस्त शब्द. पण वतनदार महाराला कामाची वेळ नव्हती, ठरलेला पगार नव्हता. सरकारी टपाल न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाच्या हाकेला रात्री-अपरात्री उठायचं. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मोडायचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. नाव मालकाचं, जिणं वेठीचं. बाबासाहेबांनी हे आधी ओळखलं होतं.

वतन गेलं, पण युक्ती राहिली. विदर्भातल्या बिडी धंद्यात आपली माणसं शेकड्यांनी होती. पान-तंबाखू कारखानदाराचं, मधी ठेकेदार, आणि हजार बिड्यांमागं मजुरी. वळलेली बिडी खराब म्हणून बाजूला काढली की तिचे पैसे बुडाले. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी या बिडी कामगारांची संघटना बांधली. जय भीमचा नारा रुजवणारे ते हेच. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते निवडून आले आणि १९३९ ला, ऐन तारुण्यात, गेले.

पुढं भांडण कोर्टात गेलं. नागपूरच्या बिडीवाल्यांनी भरपगारी रजा मागितली. मालक म्हणाला, हे कामगारच नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९६० साली ठरवलं की आहेत : कारखान्यात येतात, हजेरी लागते, माल पसंत-नापसंत मालक करतो. पण दुसऱ्याच वर्षी सिन्नरच्या प्रकरणात त्याच कोर्टानं उलटं सांगितलं. तिथला वळणारा मनाला येईल तेव्हा यायचा-जायचा, म्हणून तो फॅक्टरी कायद्यातला कामगार नाही. एकच बिडी, एकच बोटं, आणि निकाल दोन! शेवटी १९६६ साली बिडी कामगारांचा वेगळा कायदा करावा लागला. त्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा आली. मालक त्याविरुद्धही कोर्टात गेले, पण १९७४ ला कायदा टिकला.

माझं प्रकरण मात्र मला मिठागरात सापडलं. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचे अगरिये मणामागं पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसं ठेवत, त्यांची मजुरी स्वतः देत. कंपनी म्हणाली, हे कॉन्ट्रॅक्टर. सुप्रीम कोर्टानं १९५६ साली सांगितलं, स्वतः राबतात आणि काम कसं करायचं ते कंपनी बघते, म्हणजे हे कामगारच. माझ्या सहीच्या कितीतरी वर्षं आधीचा हा निकाल. मला कुणी सांगितला नाही. साहेबाला ठाऊक होता का, कुणास ठाऊक.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० माणसांपासून लागू होत होता. म्हणून मुंबईत कचरा उचलणाऱ्यांची कंत्राटं वीसच्या आत माणसं दाखवून काढली गेली. त्यातही बहुतेक आपलेच. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला, तेव्हा २०१७ साली २७०० जण कायम झाले. आणि २०२० च्या नव्या संहितेनं तो आकडा २० वरून ५० वर नेऊन ठेवलाय. माझी तर चारच माणसं होती. मी कुठल्या हिशेबात?

तेव्हा सही करायच्या आधी विचारा : दर कोण ठरवतं? वेळ कोण ठरवतं? हात भाजला तर दवाखान्यात कोण नेतं? पहिल्या दोन्हीला उत्तर 'कंपनी' आणि तिसऱ्याला 'तू' असं आलं, तर समजा की वतनच मिळतंय.

आत्याच्या पोराचा राहिलेला रोज मी नेऊन दिला. फार उशिरा. त्यानं पैसे मोजले नाहीत, डाव्या हातानं घेतले. उजवा अजून नीट मिटत नाही.